छतातील दिवे आणि स्वयंपाकघरातील उजेड

चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, गडचिरोली, देसाईगंज इत्यादी गावांतून कवेलूची घरे दिवसेंदिवस कमी होत चालली असून त्यांच्या जागी सिमेंटच्या स्लॅबची घरे उभी राहत आहेत. या नव्या घरांत स्वयंपाकघर व जेवणाची जागा बहुधा एकाच दालनात असते, आणि स्लॅबच्या खाली जिप्समचे अथवा पी.ओ.पी.चे दुसरे छत करून त्यात गोल किंवा चौकोनी दिवे बसविण्याची चाल पडली आहे. दिव्याचे सर्व अंग छताच्या आत दडलेले असते. खाली दिसते ते केवळ त्याचे तोंड. बाजारात अशा दिव्यांस कोणी डाउनलाइट म्हणतात, कोणी कन्सील दिवे म्हणतात. ते दिसण्यात सुबक असतात, त्यांवर धूळ व कोळिष्टके साचावयास फारशी जागा नसते, आणि ठेंगण्या दालनात डोक्याशी काही लोंबत राहत नाही. तेव्हा ते लोकांस आवडावेत यात नवल नाही.

परंतु हे दिवे निवडताना बहुतेक घरांत जो क्रम पाळला जातो, तो आम्हांस उलटा वाटतो. आधी छताची नक्षी ठरते, मग नक्षीस शोभेल अशा ठिकाणी भोके पाडली जातात, आणि अखेरीस त्या भोकांत मावतील ते दिवे विकत आणले जातात. ओट्याशी उभे राहून जिला नित्य तीन-चार तास काम करावयाचे, तिला उजेड कोठे हवा, हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी लख्ख प्रकाश, आणि आईच्या हातांवर मात्र तिचीच सावली, हा प्रकार पुष्कळ सुस्थित घरांतही दृष्टीस पडतो. यास्तव छतातील दिव्यांचा विचार आम्ही येथे ओट्यापासून आरंभून छताकडे नेणार आहोत. विद्यार्थ्यांनी तो वाचावा, आणि ज्यांच्या घरी बांधकाम निघाले असेल त्यांनी तो वडील मंडळींस वाचून दाखवावा.

आपल्या जिल्ह्यांस उजेड सुखासुखी लाभलेला नाही. मोहाच्या बियांच्या तेलाची पणती, आणि पुढे रॉकेलची चिमणी व कंदील, यांच्या मंद ज्योतीवर येथील कित्येक पिढ्यांनी रात्रीचा स्वयंपाक केला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या अरण्यभागात तर वीज फार सावकाश पोहोचली. भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तेथे वीज नव्हती. पुढेही अनेक वर्षे रोग्यांची शुश्रूषा कंदिलाच्या उजेडात करावी लागली. इकडे चंद्रपुराजवळ १९८० नंतरच्या दशकात मोठे औष्णिक वीजकेंद्र चालू झाले. त्याची क्षमता पुढे २९२० मेगावॅटपर्यंत वाढली, आणि चंद्रपुराहून मुंबईनजीकच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्च दाबाची विद्युत्‌वाहिनी गेली. आपल्या भूमीतील कोळसा जळतो आणि दूरची नगरे उजळतात. त्या विजेचा जो अल्प अंश आपल्या स्वयंपाकघरात उतरतो, तो योग्य जागी पडावा एवढी दक्षता घेणे तरी आपल्या हाती आहे.

प्रथम सावलीचा विचार करू. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे आपण खालच्या इयत्तेतच शिकतो. ओटा भिंतीला लागून असतो, आणि काम करणारी व्यक्ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते. दिवा दालनाच्या मध्यभागी असला तर तो तिच्या पाठीमागे येतो, आणि तिच्या डोक्याची व खांद्यांची सावली नेमकी चिरावयाच्या भाजीवर पडते. अशा वेळी दिवा अधिक मोठा आणला तरी उपयोग होत नाही. कारण प्रकाश वाढला तरी सावलीची जागा बदलत नाही. उपाय दिव्याची जागा बदलण्यात आहे. ओटा बहुधा दोन फूट रुंद असतो. तेव्हा छतातील दिव्यांची ओळ भिंतीपासून दीड ते दोन फुटांवर, म्हणजे ओट्याच्या पुढील कडेच्या बरोबर वर किंवा किंचित आत धरावी. मग उजेड हातांवर समोरून व वरून पडतो. एकाच मोठ्या दिव्याऐवजी तीन-चार फुटांच्या अंतराने दोन-तीन लहान दिवे ठेविले, तर एकाने पाडलेली सावली दुसरा बऱ्याच अंशी पुसून टाकतो.

ओट्याच्या वर भिंतीला कपाटे असली तर त्यांच्या खालची जागा छतातील कोणत्याही दिव्याने पुरती उजळत नाही. तेथे कपाटाच्या तळाशी, पुढील कडेला, एल.ई.डी.ची लांब पट्टी बसवावी, आणि ती डोळ्यांत खुपू नये म्हणून तिच्यापुढे बोटभर उंचीची आड ठेवावी. ज्या घरी बजेट थोडे आहे, त्यांनी छतातील दोन दिवे कमी करावेत, परंतु ही पट्टी टाळू नये, असे आमचे मत आहे.

आता दिव्याच्या स्वभावाकडे वळू. साधा बल्ब किंवा ट्यूब चोहोकडे प्रकाश फेकते. भिंती व छत उजळतात, आणि त्यांच्यावरून परतलेला प्रकाश सावल्या सौम्य करतो. छतात बुडविलेला दिवा केवळ खाली पाहतो. त्याचा प्रकाश शंकूच्या आकाराने उतरतो, आणि हा शंकू किती रुंद असावा हे दिव्याच्या किरणकोनावर अवलंबून असते. कोन खोक्यावर अंशांत छापलेला असतो. ओट्यापासून छत सहा फूट उंच आहे असे धरा. ३६ अंशांच्या दिव्याचे वर्तुळ ओट्यावर सुमारे चार फूट व्यासाचे पडेल. ६० अंशांच्या दिव्याचे सुमारे सात फूट. ज्यांस त्रिकोणमिती शिकविली गेली आहे, त्यांनी उंचीची दुप्पट करून तिला अर्ध्या कोनाच्या स्पर्शकाने गुणावे, म्हणजे हे उत्तर स्वतःच काढता येईल. अरुंद कोनाचे दिवे दूरदूर लाविले की जमिनीवर उजेडाची ठिगळे पडतात आणि मधल्या जागा काळोख्या राहतात. म्हणून स्वयंपाकघरात ६० अंश किंवा त्याहून रुंद कोन घेणे बरे. अरुंद कोनाचे दिवे तसबीर किंवा शोभेची वस्तू उजळण्यासाठी असतात.

दिव्याचे तोंड छताच्या पृष्ठभागाशी सपाट असावे की थोडे आत ओढलेले असावे, हाही प्रश्न पडतो. सपाट दिवा प्रकाश दूरवर पसरवितो, परंतु खोलीत कोठेही बसले तरी तो डोळ्यांस दिसत राहतो. आत ओढलेला दिवा काहीसा कमी पसरतो, परंतु डोळे दिपवीत नाही. ओट्यावर पहिला चालेल. जेवणाच्या जागी दुसरा बरा. छतात दिवे लपविण्याचा मूळ हेतूच असा आहे की, दिवा दिसू नये, उजेड दिसावा.

किती दिवे लावावेत, हे बहुतेक लोक वॅटवरून ठरवितात. वस्तुतः वॅट हे विजेच्या खर्चाचे माप आहे. प्रकाशाचे माप लुमेन होय. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब सुमारे ७०० लुमेन प्रकाश देत असे. आजचा १० वॅटचा एल.ई.डी. दिवा ९०० लुमेनच्या आसपास देतो. हा फरक घडवून आणणाऱ्या निळ्या एल.ई.डी.च्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या उजाला योजनेमुळे असे दिवे आपल्या देशात घरोघर गेले. एक चौरस मीटर जागेवर एक लुमेन प्रकाश पडला म्हणजे त्यास एक लक्स म्हणतात. स्वयंपाकघरात सर्वसाधारण वावरासाठी १५० लक्स, आणि जेथे चिरणे, निवडणे, शिजविणे चालते तेथे ३०० लक्स प्रकाश असावा, हे प्रमाण ध्यानात ठेविले म्हणजे पुरे.

एक उदाहरण घेऊ. बारा फूट लांब व दहा फूट रुंद अशा दालनाचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर होते. १५० लक्ससाठी १६५० लुमेन जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजेत. वाटेत भिंती, कपाटे व धूळ यांत बराच प्रकाश नाहीसा होतो, म्हणून दुप्पट, म्हणजे ३३०० लुमेनची तरतूद करावी. १० वॅटचे चार दिवे ३६०० लुमेन देतात. ते पुरेसे झाले. आठ फूट लांब व दोन फूट रुंद ओटा सुमारे दीड चौरस मीटरचा असतो. त्यावर ३०० लक्स हवे तर ४५० लुमेन, आणि दुपटीने धरल्यास ९०० लुमेन. म्हणजे दहा-बारा वॅटची एक पट्टी. चार दिवे रोज पाच तास जाळले तर महिन्यास ६ युनिट वीज लागते. पूर्वीचा ६० वॅटचा एकच बल्ब तेवढ्याच वेळात ९ युनिट खात असे. तेव्हा स्वयंपाकघरात काटकसर म्हणून अंधार ठेवण्यास आता काही कारण उरलेले नाही.

या हिशेबात भिंतींचा रंग फार महत्त्वाचा असतो. चुन्याची पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा बहुतांश भाग परत देते. धुराने काळवंडलेली भिंत तो गिळून टाकते. चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर व पठाणपुरा या दरवाजांच्या दरम्यान जी जुनी दाट वस्ती आहे, तेथील मागची स्वयंपाकघरे दिवसाही अंधारी असतात. तेथे नवे दिवे बसविण्यापूर्वी एक वेळ पांढरा रंग द्यावा. छत तर पांढरेच असावे. कारण छतात बुडविलेले दिवे छतास स्वतः उजळीत नाहीत, खालून परतणाऱ्या प्रकाशानेच ते उजळते.

प्रकाशाच्या रंगाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. दिव्यावर २७००, ३०००, ४००० किंवा ६५०० असा केल्विनचा आकडा असतो. आकडा लहान, तितका प्रकाश पिवळसर व कंदिलासारखा. आकडा मोठा, तितका पांढरा व निळसर. ओट्यावर ४००० चा प्रकाश चांगला, जेवणाच्या जागी ३००० चा. याहून भिन्न अशी दुसरी एक संख्या आहे, ती वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात हे सांगते, तिला सी.आर.आय. म्हणतात, व ती शंभरपैकी मोजतात. ८० च्या खालचा दिवा घेऊ नये. ९० चा मिळाल्यास उत्तम. हलक्या दिव्याखाली हळद फिकी, तिखट मळकट आणि पालेभाजी शिळी दिसते, आणि फोडणी करपू लागली तरी वेळेवर कळत नाही.

यापुढील गोष्ट विशेषतः तरुण वाचकांनी लक्षात घ्यावी. वय वाढत जाते तसतशी डोळ्याची बाहुली लहान होते व आतील भिंग पिवळसर होत जाते. साठ वर्षांच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत, वीस वर्षांच्या तरुणाच्या मानाने, सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणजे ज्या दिव्याखाली मुलगा पुस्तक सहज वाचतो, त्याच दिव्याखाली त्याची आजी सुपातील तांदळात खडा शोधताना चाचपडते. आपला पूर्वेकडचा मुलूख धानाचा आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढविलेला एच.एम.टी. तांदूळ दूरवर गेला, तो याच मुलखातून. तसला बारीक दाणा रात्री निवडावयाचा म्हणजे डोळ्यांची परीक्षाच असते. घरातील दिवा घरातील सर्वांत वृद्ध डोळ्यांस पुरेल असा घ्यावा. तो तरुणांस आपोआप पुरतो. उलट मात्र होत नाही.

जेवणाच्या जागेचा हिशेब निराळा आहे. टेबलावर जेवण होत असेल तर टेबलाच्या मध्यावर दोन दिवे पुरतात. ते बसणाऱ्यांच्या डोक्यावर येऊ नयेत, नाही तर कपाळाखाली सावल्या पडून चेहरे थकल्यासारखे दिसतात. परंतु आपल्याकडे पाट मांडून जमिनीवर बसण्याची रीत अद्याप पुष्कळ घरांत आहे, आणि विळीवर भाजी चिरणेही जमिनीवरच चालते. अंतर वाढते तसा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. नऊ फूट उंच छतावरचा जो दिवा तीन फूट उंच ओट्यावर जितका तेज देतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी तो जमिनीवर देतो. ज्यांच्या घरी पंगत खाली बसते, त्यांनी जेवणाच्या जागी एक-दोन दिवे अधिक धरावेत. त्याच जागी संध्याकाळी मुले अभ्यासास बसत असतील तर हे अधिकच अगत्याचे आहे.

येथे आपल्या उन्हाळ्यामुळे एक अडचण येते. मे महिन्यात चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पंख्यावाचून जेवण होत नाही. दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर आला तर सबंध खोलीत उजेड-सावलीची सारखी लकलक चालते, आणि डोके दुखू लागते. चार फूट घेराचा पंखा मध्यापासून दोन फूट जागा व्यापतो. म्हणून पंख्याच्या मध्यापासून निदान तीन फुटांच्या आत कोणताही दिवा बसवू नये. छताचा आराखडा करताना पंख्याची जागा आधी आखावी व दिव्यांच्या जागा नंतर आखाव्यात, म्हणजे हा घोटाळा टळतो.

उन्हाळ्याचा परिणाम खुद्द दिव्यावरही होतो. एल.ई.डी. दिव्याचे आयुष्य उष्णतेने घटते, आणि तापलेल्या स्लॅबखालील बंद पोकळी अतिशय गरम होते. दिव्याच्या वर दोन-तीन इंच मोकळी जागा राहू द्यावी, तेथे थर्मोकोल वा कापूस दाबून भरू नये, आणि दिव्याचे अंग प्लॅस्टिकपेक्षा ॲल्युमिनियमचे असावे. पावसाळ्याच्या आरंभी पंख फुटलेली उधई व पतंग दिव्याकडे झेपावतात. पिवळसर प्रकाशाकडे ते कमी येतात, आणि तोंडाशी काच घट्ट बसविलेली असली तर आत शिरत नाहीत. तीच काच फोडणीचा तेलकट धूर बसल्यास ओल्या फडक्याने पुसता येते. आमच्या भागात विजेचा दाब कमीजास्त होत असतो, म्हणून दिवा किती दाबापर्यंत टिकतो हे खोक्यावर वाचून घ्यावे. भोकांचे माप बाजारात नित्य मिळणारेच ठेवावे, आणि एक-दोन दिवे घरात जादा असू द्यावेत. नाही तर एक दिवा गेल्यावर तशाच मापाचा दुसरा मिळेना म्हणून छत पुन्हा कापावे लागते. तारा पी.व्ही.सी. नळीतूनच न्याव्यात, कारण खोट्या छताच्या वर उंदीर वावरतात आणि कुरतडलेल्या तारेने आग लागते. ओट्याची ओळ, जेवणाची ओळ व कपाटाखालची पट्टी यांची बटणे वेगळी ठेवून त्यांपैकी एक इन्व्हर्टरवर घ्यावे. हे सर्व काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावे. मुलांनी त्यास हात लावू नये.

ज्यांचे घर अद्याप कवेलूचे आहे, त्यांस छतात दिवे बुडविता येत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी या लेखात काही नाही असे मात्र कोणी समजू नये. वर सांगितलेले तत्त्व त्यांनाही लागू आहे. दिवा आढ्याच्या मधोमध लोंबत न ठेवता, चुलीच्या अथवा ओट्याच्या बाजूच्या तुळईच्या आड बसवावा, म्हणजे तो डोळ्यांआड राहून प्रकाश कामावर पडतो. ज्योतीचा ताप व धूर पोहोचेल इतक्या जवळ मात्र तो नसावा. दिवसाच्या उजेडासाठी चार-दोन कवेलूंच्या जागी काचेची कवेलू घालावी, आणि कुडाच्या भिंती आतून पांढऱ्या मातीने साराव्यात. या तिन्ही गोष्टींस खर्च थोडा लागतो.

शेवटी एक प्रयोग सुचवितो. रात्री एका लांब बांबूच्या टोकास टॉर्च खालच्या बाजूस तोंड करून बांधावा, आणि घरातील इतर दिवे मालवावेत. आईस, अथवा घरी जे कोणी स्वयंपाक करीत असतील त्यांस, ओट्याशी रोजच्याप्रमाणे उभे राहावयास सांगून ओट्यावर एक पांढरा कागद ठेवावा. मग बांबू छताशी धरून हळूहळू भिंतीकडे न्यावा. जेथे कागदावरची सावली नाहीशी होईल, त्या जागेचे भिंतीपासूनचे अंतर मोजून लिहून ठेवावे. जेवणाच्या जागी, आणि आजी जेथे सूप घेऊन बसते तेथेही, हेच करावे. पी.ओ.पी. करणारा कारागीर घरी येईल तेव्हा हा कागद त्याच्या हाती द्यावा, आणि छताची नक्षी या मापांप्रमाणे बेतावयास सांगावे.